बार चालवायचा तर बारवाल्यासारखा चालवा

प्रति,
कोल्हापूर आणि परिसरातील खाजगी क्लबांची कार्यकारी मंडळे
(गोल्फ, टेनिस, पत्ते, पोहणे, सगळेच)

विषय : सभासद नसलेल्यांना क्लबच्या बारमध्ये मद्य देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शाहूपुरीत परमिट रूम चालवतो. वडिलांनी सुरू केली, आता गल्ल्यावर मी बसतो. ही ओळख आधीच देऊन टाकतो, म्हणजे पत्र अर्धं वाचून ‘ह्याचा धंदा बसतोय म्हणून ओरडतोय’ असा शोध कुणाला लावायला नको. होय, धंद्याचाच प्रश्न आहे. पण तेवढाच नाही.

गेल्या काही महिन्यांपासून व्हॉट्सअॅपवर जाहिराती फिरताहेत. ‘सभासद नसलात तरी या!’ शनिवारी हिरवळीवर गझल, रविवारी दुपारी बार्बेक्यू, कूपन घेतलं की दोन ड्रिंक त्यातच. एका जाहिरातीच्या तळाशी तर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, ‘प्रवेशिकेसोबत एका दिवसाचे सभासदत्व’. माझ्याकडचीच बांधलेली गिऱ्हाइकं मला ही कूपनं दाखवतात आणि वर विचारतात, ‘काय मालक, तुम्ही कधी गझल ठेवताय?’ कुठल्या क्लबचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी छापलं त्यांना ते ठाऊक आहे. ज्यांनी अजून छापलेलं नाही, त्यांच्या मिटिंगमध्ये विषय निघाला असणारच.

सभासदानं आपला पाहुणा सोबत आणावा, त्याला दोन पेग पाजावेत, बिल आपल्या नावावर लिहावं, याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. बाहेरगावचे खेळाडू स्पर्धेला आले, दिवसभर उन्हात अठरा होल खेळले आणि संध्याकाळी बिअर मागितली, तर त्यांना ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणून लिंबू सरबत द्या, असंही मी म्हणणार नाही. गोल्फवाले बारला गमतीनं एकोणिसावं होल म्हणतात, हे आम्हालाही ऐकून माहीत आहे. माझं बोलणं त्या माणसाबद्दल आहे, ज्याला तुमच्यातला कुणी ओळखत नाही, जो खेळायला आलेला नाही, ज्यानं फक्त कूपन विकत घेतलंय. तो पाहुणा नव्हे. तो गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाला दारू विकण्याचा परवाना वेगळा असतो.

तो परवाना माझ्याकडे आहे. एफएल-3. तुमच्याकडे एफएल-4. दोन्ही 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचे, दोन्हींचं नूतनीकरण मार्चअखेर, दोन्हींवर एक्साइजचा, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, शिक्का. फरक एवढाच की माझा परवाना दारावर येईल त्या परमिटधारकासाठी (ज्याच्याकडे पिण्याचा परवाना आहे त्याच्यासाठी) आहे आणि तुमचा क्लबच्या सभासदांसाठी. एखाद्या रात्री मोठा कार्यक्रम असेल तर तात्पुरता परवानाही मिळतो, एफएल-4ए. 31 डिसेंबरला निम्मं कोल्हापूर त्यावरच चालतं. तो घ्या, त्याची फी भरा, आमचं काही म्हणणं नाही. पण दर शनिवारी पन्नास माणसांना संध्याकाळी सातला सभासद करायचं आणि रात्री बारानंतर त्यांचं सभासदत्व संपवायचं, हे कुठल्या नियमात बसतं ते एकदा चारचौघांत सांगा. त्या पन्नास जणांना तुमच्या वार्षिक सभेची नोटीस जाते का? मत आहे का? क्लब तोट्यात गेला तर त्यांच्याकडून वर्गणी मागणार का?

क्लबची ही पद्धत ज्या देशातून आपल्याकडे आली, तिथं या पळवाटेचा विचार फार आधी झालेला आहे. इंग्लंडात 2003 च्या लायसन्सिंग कायद्यात क्लबसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे. त्याच्या अटींतली एक अशी की अर्ज केल्यापासून निदान दोन दिवस गेल्याशिवाय कुणालाही सभासदाचे हक्क मिळत नाहीत. दारात फॉर्म भरला आणि आत ग्लास उचलला, हे चालत नाही. सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्यापलीकडे कुणालाही नेहमी दारू विकायची तर पबला लागतो तसला परवाना क्लबलाही काढावा लागतो. साहेबांचा कोट घेतला, टाय घेतला, जेवायच्या हॉलमध्ये चप्पल नको हा नियमही घेतला. हा दोन दिवसांचा नियम तेवढा बोटीतून उतरताना राहिला वाटतं.

आता कराचं. ह्या विषयावर माझ्या सीएनं माझी चांगली शिकवणी घेतली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सभासदांच्या क्लबला कोर्टांनी वर्षानुवर्षं एक संरक्षण दिलेलं आहे. चार जणांनी वर्गणी काढून माल आणला, आपसांत वाटून घेतला, शिल्लक सामायिक पेटीत टाकली, तर ती विक्री नव्हे. माणूस स्वतःच स्वतःला काही विकू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1970 साली मद्रासच्या एका संस्थेच्या खटल्यात हे मान्य केलं आणि 3 ऑक्टोबर 2019 ला कलकत्ता क्लबच्या खटल्यात पुन्हा ठामपणे सांगितलं. पुढे 2021 मध्ये सरकारनं कायदा बदलून क्लब आणि सभासद यांच्यातले व्यवहार मागच्या तारखेपासून जीएसटीत ओढले. पण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यामुळे तो वाद इथं नको.

ह्या संरक्षणाची अट मात्र एकच : घेणारा आणि देणारा तोच असला पाहिजे. बाहेरचा माणूस मध्ये आला की विषय संपला. 2013 चा बंगलोर क्लबचा निकाल बघा. क्लबनं आपली शिल्लक बँकांत ठेवली होती. त्या बँका क्लबच्या सभासदही होत्या. तरी कोर्टानं म्हटलं की बँकेनं तो पैसा बाहेरच्यांना कर्जाऊ दिला, त्यामुळे व्याजावर कर भरा. पैसा बाहेरून फिरून आला तर एवढं, मग इथं तर बाहेरचा माणूस थेट काउंटरवर उभा आहे. (जाता जाता : त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी नोंदवलंय की 1899 साली चर्चिल नावाचा एक लेफ्टनंट बंगलोर क्लबची तेरा रुपयांची उधारी ठेवून गेला. पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. उधारीचं गिऱ्हाईक कुठपर्यंत जाऊ शकतं, हे आम्हा बारवाल्यांना कुणी शिकवायला नको.)

आमचा धंदा साजूक तुपातला नाही, हे मला माहीत आहे. सोयरीक जुळवताना मुलीकडचे ‘मुलाचं काय आहे’ विचारतात तेव्हा आमच्या घरात ‘हॉटेल आहे’ असं सांगतात. ठीक आहे, त्याचं दुःख मी करत नाही. पण ह्या बदनाम धंद्यावर काय काय अटी आहेत, ते तुम्ही एकदा समजून घ्या. शाळा, देऊळ यांपासून ठरावीक अंतर लागतं. आत काम करणाऱ्या प्रत्येक पोराचा नोकरनामा, म्हणजे कामाचं परवानगीपत्र, लागतो. रोजच्या रोज ब्रँडवार रजिस्टर लिहावं लागतं आणि बाटलीचा हिशेब चुकला तर केस. बिअरला 21 वर्षं, दारूला 25 वर्षं वय लागतं. म्हणजे कॉलेजच्या पोरांचा घोळका आला की आधार कार्ड बघत बसायचं आणि वर शिव्या खायच्या. वॉर्डातल्या बायका निवेदन घेऊन उभ्या राहिल्या, मतदान झालं आणि कौल आडव्या बाटलीला गेला, तर आमचं शटर कायमचं खाली. तो त्यांचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. तुमच्या कुंपणाआड दर शनिवारी काय चालतं, हे मात्र त्या बायकांना दिसतही नाही.

15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि 1 एप्रिल 2017 पासून हायवेपासून पाचशे मीटरच्या आतले बार बंद झाले. पुणे-बंगळूर रस्त्यालगतच्या माझ्या दोन व्यवसायबंधूंनी त्या महिन्यात वेटर गावाला पाठवले, ते परत आलेच नाहीत. कोरोनात मार्च 2020 पासून 5 ऑक्टोबरपर्यंत राज्यभर बारच्या दाराला कुलूप होतं. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. माझ्या दुकानात कमरेएवढा गाळ आणि त्यात तरंगणारे खोके. फर्निचर बाहेर फेकता आलं. बाटल्या मात्र फेकता येत नव्हत्या, कारण भिजलेली, लेबल गेलेली बाटलीसुद्धा एक्साइजच्या माणसासमोर पंचनामा करूनच नष्ट करायची असते. शेजारचा किराणावाला दोन दिवसांत दुकान धुऊन मोकळा झाला. मी वास मारणाऱ्या गोडाऊनमध्ये बसून फुटक्या क्वार्टर मोजत होतो.

मग नोव्हेंबर 2023 पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेला. 2025 मध्ये परवाना फी 15 टक्क्यांनी वाढली आणि विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्कही चढलं. 14 जुलै 2025 ला आम्ही राज्यभर परमिट रूम बंद ठेवून निषेध केला. त्याचं पुढे काय झालं ते सोडा. दरवाढीचा चटका तुम्हालाही बसला असणार, आणि म्हणूनच बहुधा हे कूपन निघालं. ते मला समजतं. गवत कापायचं, पाणी मारायचं, माळी, पंप, यंत्रं, सगळ्याचा खर्च वाढलाय आणि नवी पिढी वर्गणी भरून सभासद व्हायला तयार नाही. अडचण खरी आहे. पण गाळा भाड्यानं घेऊन, सगळी फी भरून जो माणूस तेच विकतो, त्याच्या ताटातून ती भागवायची का?

एक गोष्ट पैशाची नाही आणि मला वाटतं ती जास्त गंभीर आहे. माझं दुकान भर शहरात आहे. जास्त झालेल्या माणसाला मी रिक्षात बसवतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगतो, गाडीची चावी ठेवून घेतो. निम्मी गिऱ्हाइकं तर चालत येतात नि चालत जातात. गोल्फचं मैदान शहराच्या आतल्या पेठेत नसतं, ते बाहेर असतं. त्याला जागाच तेवढी लागते. तिथं रात्री अकराला रिक्षा मिळत नाही. माणूस स्वतःच्या गाडीनं येतो आणि स्वतःच्याच गाडीनं परत जातो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल, ही कायद्याची मर्यादा; त्यावर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सभासदाचा ड्रायव्हर तुमच्या वॉचमनला माहीत असतो. एखाद्याला जास्त झाली तर त्याच्या घरी फोन करणारा कुणीतरी मित्र त्याच टेबलावर असतो. कूपनवाल्या पन्नास जणांचं कोण आहे? तुमच्या कूपनवर परतीच्या गाडीचा उल्लेख मला कुठं दिसला नाही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं.

हे गाव खेळाचं आहे. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं ते असं की लांब बसलेल्या माणसालाही आखाड्यातला पट दिसावा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ घरात थांबत नाही. पायरीवर वकील बसतो, त्याच्या शेजारी भाजीवाला बसतो आणि दोघं मिळून रेफरीच्या नावानं ओरडतात. आमच्या तालमीत फी नाही, लाल माती आहे आणि वस्तादाची शिवी आहे. अशा गावात एक खेळ, गोल्फ, मात्र कुंपणाच्या आत खेळला जातो. ते तुमचं खाजगी मैदान, तुमचा पैसा, तुमचा नियम. त्याबद्दल आजवर कुणी ब्र काढला नाही.

आता तुम्हीच म्हणताय की बाहेरच्यांना दार उघडायचंय. फार छान. पण पहिल्यांदा बारचंच दार का? माझ्याकडे कामाला असलेल्या एका पोराचा धाकटा भाऊ कॅडी आहे. उन्हात साहेबांची बॅग ओढतो, कुठला बॉल कुठल्या झुडपात गेला हे साहेबांच्या आधी त्याला कळतं. त्याला त्या मैदानावर काठी धरायची परवानगी नाही. तोच पोरगा उद्या पंचवीस वर्षांचा झाला आणि कूपनचे पैसे जमवले, तर त्याच मैदानाच्या कडेला बसून दारू पिऊ शकेल. म्हणजे पिण्यापुरता सभासद, खेळण्यापुरता परका. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी असलेल्या अली शेरनं 1991 साली इंडियन ओपन जिंकली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्याच्या हातात कुणीतरी काठी दिली म्हणून ते झालं.

तुमच्यातले एक जुने सभासद अधूनमधून माझ्याकडे येतात. क्लबात पोरासोरांची गर्दी झाली, निवांत बसता येत नाही, म्हणतात. त्यांना मी कोपऱ्यातलं टेबल देतो, चकण्याला भाजलेले शेंगदाणे देतो आणि पेग मोजूनच ओततो. ते म्हणाले की कूपनचा ठराव सर्वसाधारण सभेत आलाच नाही, परस्पर समितीत झाला. खरं-खोटं मला बघायचं कारण नाही. पण असं झालं असेल तर तुमच्या सभासदांचीही माझ्याइतकीच तक्रार असायला हवी, कारण उद्या परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून कारवाई झाली तर कूपनवाले घरी असतील आणि बार बंद होईल तो सभासदांचा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एका दिवसाचं, एका रात्रीचं, कूपनसोबतचं सभासदत्व आजपासून बंद करा. ज्याचं नाव आधी सुचवलं गेलंय, समितीनं मंजूर केलंय आणि ज्यानं वर्गणी भरलीय, तोच सभासद. पाहुणा असेल तर सभासद सोबत हवा, वहीत दोघांची नावं हवीत आणि बिल सभासदाच्या खात्यावर हवं.

सर्वांसाठी कार्यक्रम करायचाच असेल तर त्या रात्रीचा एफएल-4ए काढा आणि त्याची प्रत दारावर लावा. वरचेवर करायचा असेल तर आमच्यासारखा एफएल-3 मागा. तो मिळाला तर मी स्वतः हार घेऊन येईन आणि बारवाल्यांच्या पुढच्या बंदला तुम्हाला फोनही करीन.

बाहेरच्यांना दिलेल्या दारूचा हिशेब सभासदांच्या हिशेबापासून वेगळा ठेवा आणि त्यावर जो काही कर बसतो तो भरा.

रात्रीच्या कार्यक्रमाला परतीच्या गाड्यांची सोय करा. ती जमत नसेल तर कार्यक्रमात दारू नको, गझल तेवढी ठेवा. गझल दारूशिवायही ऐकता येते, असं जाणकार म्हणतात.

आणि शेवटची मागणी. ह्या मागणीचा माझ्या धंद्याशी काही संबंध नाही. आठवड्यातून एक सकाळ कॅडींना आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना मैदान मोकळं करा. जुन्या काठ्या तुमच्या लॉकरमध्ये पडून असतीलच.

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयाला ह्या पत्राची प्रत देतोय. तक्रार म्हणून नव्हे, माहितीसाठी. त्यांनी आमच्याकडे जेवढ्या बारकाईनं रजिस्टर बघितलं तेवढ्याच बारकाईनं सगळीकडे बघावं, एवढीच विनंती.

उत्तर द्यायचं असेल तर जाहीर द्या. क्लबच्या नोटीस बोर्डावर लावू नका. तो आत आहे आणि मी कूपन घेणार नाही.

आपला,
शाहूपुरीतला एक परमिट रूमवाला